भिंतीला आधी विचारा

मंडळी, घर बांधणे एकदाच होते. घर राखणे मात्र दरवर्षी करावे लागते. आज आपण एका जुन्या, विटांच्या घराची हकीकत वाचू. त्या घराला बाहेरून रंग द्यावा, की विटा आहेत तशाच उघड्या ठेवाव्यात, असा प्रश्न घरच्या माणसांना पडला होता. प्रश्न लहान दिसतो. पण त्यात चाळीस हजार रुपये अडकले होते, आणि नव्वद वर्षांचे घरही अडकले होते.

घरात दोन मते

कृष्णाकाठच्या एका गावात आक्कांचे घर आहे. आक्कांच्या आजेसासऱ्यांनी ते बांधले. विटा नदीकाठच्या भट्टीच्या. दोन विटांमध्ये घाणीत मळलेला चुना. वर मंगलोरी कौले. दाराशेजारच्या एका विटेत कुत्र्याच्या पिल्लाचे पाऊल उमटलेले आहे. वीट ओली असताना भट्टीवरचे पिल्लू तिच्यावरून गेले असेल. घरातल्या चार पिढ्यांच्या पोरांनी त्या खळग्यात बोट घालून पाहिले आहे.

आक्कांचा मुलगा पुण्याला कारखान्यात कामाला आहे. यंदा वैशाखात आक्कांच्या नातीचे लग्न ठरले. मुलगा माघ महिन्यात गावी आला. येताना चाळीस हजार रुपये घेऊन आला.

तो म्हणाला, "आई, लग्नाआधी घराला बाहेरून रंग देऊ. गावात सगळी घरं कशी चकचकीत झाली आहेत. आपल्याच विटा उघड्या. पाहुणे म्हणतील, यांना रंग द्यायलासुद्धा जमलं नाही."

आक्का म्हणाल्या, "विटा उघड्या आहेत म्हणून कुणी उघडं पडत नाही बाळा. पण खालची ओल मला बघवत नाही. रंगानं ओल थांबत असेल तर दे बाबा रंग."

"थांबेल की! रंगवाला म्हणाला, पाणी आत शिरणारच नाही. अडतीस हजारात सगळं घर करून देतो."

आक्का गप्प राहिल्या. त्यांना शेजारच्या अण्णांचे घर आठवले. अण्णांचे घरही तसेच जुने, विटांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बाहेरून प्लास्टिकचा रंग दिला. पहिले वर्ष घर छान दिसले. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले. दिवाळीत पोपडे पडू लागले. पोपड्याबरोबर विटेचा पापुद्राही येऊ लागला. अण्णांनी पैसे कर्जाऊ घेतले होते. भिंत सोलून निघाली, तरी हप्ते चालूच होते.

आक्का म्हणाल्या, "उद्या मिस्तरीला बोलवू. त्याच्या बापानं या घराच्या भिंती दुरुस्त केल्या आहेत. तो काय म्हणतो ते ऐकू. मग ठरवू."

वीट पाणी पिते

दुसऱ्या दिवशी गवंडी आले. गावात त्यांना मिस्तरी म्हणतात. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. मग अंगणात पडलेल्या दोन जुन्या विटा उचलल्या. एकीवर करणीची मूठ आपटली. खण्ण असा आवाज आला.

"वीट पक्की हाय," मिस्तरी म्हणाले. "भाजणी चांगली झालीया. आता एक गंमत करा. वजनकाटा आणा."

दोन्ही विटा तीन दिवस उन्हात ठेवल्या. मग वजन केले. प्रत्येक वीट ३ किलो भरली. नंतर त्या पाण्याच्या बादलीत २४ तास बुडवून ठेवल्या. बाहेर काढून, पुसून पुन्हा वजन केले. आता प्रत्येक वीट ३ किलो ४५० ग्रॅम भरली. म्हणजे एका विटेने ४५० ग्रॅम पाणी पिऊन घेतले.

आक्कांनी वहीत हिशेब मांडला. ३,००० ग्रॅमला ४५० ग्रॅम, म्हणजे शंभराला १५. ही वीट चांगलीच म्हणायची. साध्या बांधकामाच्या विटेने २४ तासांत आपल्या वजनाच्या शंभराला २० पेक्षा जास्त पाणी पिऊ नये, असे भारतीय मानक सांगते.

पण अशा हजार विटा पूर्ण भिजल्या तर? ४५० ग्रॅम गुणिले १,०००, म्हणजे ४५० किलो पाणी. २०० लिटरची दोन पिंपे भरून वर ५० लिटर उरतील एवढे पाणी भिंतीत मावते!

मिस्तरी म्हणाले, "पाणी पिणं हा विटंचा दोष न्हाई. तिचा सोभावच हाय. पावसात पिती, उन्हात सोडती. नव्वद वर्सं तिनं हेच केलं. म्हणून ती उभी हाय."

मग त्यांनी एक ओली वीट उघडी ठेवली. दुसरी ओली वीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधले. दोन्ही सावलीत ठेवल्या. आठ दिवसांनी उघडी वीट बरीच वाळली होती. पिशवीतली वीट मात्र अजून तशीच ओली होती. पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब धरले होते.

मुलगा म्हणाला, "पण मिस्तरी, रंग म्हणजे काही पिशवी नव्हे."

"बरोबर हाय. रंग अगदी पिशवीगत न्हाई. थोडी वाफ जाऊ देतो. पण वाट अरुंद करतो. आत येणारं पाणी जास्त, बाहेर जायाची वाट अरुंद. मग पाणी आतच तुंबतंय."

रंगाने ओल का थांबत नाही

येथे आपण थोडे थांबू. ओल भिंतीत कोठून येते, ते समजून घेऊ.

ओल तीन वाटांनी येते. पहिली वाट वरची. फुटलेले कौल, सडलेली वळचण, गळकी पन्हळ यांतून पाणी भिंतीच्या डोक्यावर पडते. दुसरी वाट समोरची. पावसाची झड भिंतीवर आपटते. आपल्या भागात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेची भिंत जास्त मार खाते. तिसरी वाट खालची. जमिनीतले पाणी विटेतल्या बारीक छिद्रांतून वर चढते. दिव्याच्या वातीतून तेल चढते, तसेच हे आहे.

रंग फक्त समोरची वाट अडवतो. वरून आणि खालून येणारे पाणी येतच राहते. आता त्याला बाहेर पडायला जागा नाही. मग ते दोन गोष्टी करते. एक तर भिंतीतून आणखी वर चढते. नाही तर घराच्या आतल्या बाजूने बाहेर येते. आतली भिंत ओली होते. धान्याच्या कणगीला बुरशी येते.

पाण्याबरोबर मातीतले क्षारही चढतात. पाणी वाफ होऊन उडून जाते. क्षार मागे राहतात. यालाच आपण लोणा म्हणतो. उघड्या विटेवर लोणा पांढऱ्या पिठासारखा बाहेर दिसतो. तो कोरड्या कुंचल्याने झाडता येतो. वर रंग असेल तर क्षाराचे खडे रंगाच्या मागे, विटेच्या पोटात धरतात. खडे वाढले की जागा मागतात. जागा मिळाली नाही की विटेचा पापुद्राच ढकलून देतात. अण्णांच्या भिंतीचे हेच झाले होते.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. रंग हा भिंतीचा सदरा आहे. सदऱ्याने ताप उतरत नाही.

भिंतीला चार प्रश्न

मिस्तरी म्हणाले, "आक्का, माणसाला इचारू नका. भिंतीला इचारा. ती खोटं बोलत न्हाई."

मग आक्का, मुलगा आणि मिस्तरी घराभोवती फिरले. त्यांनी भिंतीला चार प्रश्न विचारले. तुम्हीही तुमच्या भिंतीला हेच विचारा.

पहिला प्रश्न : पाणी कोठून येते?

समोरच्या भिंतीची ओल गुडघ्याएवढी चढली होती. मिस्तरींनी रस्त्याकडे बोट केले. "आक्का, तुम्ही नवरी होऊन आला तवा किती पायऱ्या हुत्या?"

"तीन."

"आता किती दिसत्यात?"

आक्कांनी पाहिले. आता एकच पायरी दिसत होती. गावचा रस्ता तीन वेळा झाला होता. दर वेळी जुन्या थरावर नवा थर पडला. रस्ता उंच झाला आणि घराचे जोते बुडाले. पावसाचे पाणी रस्त्यावरून येऊन भिंतीला टेकून उभे राहत होते. मागच्या बाजूला पन्हळ फुटली होती. मोरीचे पाणीही भिंतीच्या कडेनेच वाहत होते.

दुसरा प्रश्न : विटा घट्ट आहेत का?

मिस्तरींनी ठिकठिकाणी विटा ठोकून पाहिल्या. नखाने खरवडून पाहिल्या. समोरच्या विटा खणखणीत होत्या. पश्चिमेच्या भिंतीच्या काही विटा मात्र कच्च्या भाजणीच्या, पिवळट होत्या. झडीने त्यांचे तोंड झिजले होते. बोटाने चोळले की भुगा पडत होता.

तिसरा प्रश्न : दरजा कशा आहेत?

दोन विटांमधल्या सांध्याला गवंडी दरज म्हणतात. वरच्या दरजांत जुना चुना होता. काही ठिकाणी तो पडून गेला होता. खालच्या तीन थरांत कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सिमेंट भरले होते. तेथे एक नवल दिसले. सिमेंट जसेच्या तसे होते, पण मधल्या विटा झिजून खळगे पडले होते. जणू चौकटी उरल्या आणि आतली चित्रे गेली.

मिस्तरी म्हणाले, "चुना विटंपेक्षा मऊ. पाणी चुन्यातनं बाहेर पडतं. झिजायचं ते चुना झिजतो. चुना पुन्हा भरता येतो. सिमेंट विटंपेक्षा कडक. पाणी सिमेंटातनं जात न्हाई, मग विटंतनं जातं. झिजायचं ते वीट झिजती. वीट काय पुन्हा भरता येत न्हाई."

चौथा प्रश्न : आधी काही लावले आहे का?

मिस्तरींनी तांब्यातले पाणी विटांवर मारले. पाणी पटकन मुरले. म्हणजे विटांची तोंडे उघडी होती. त्यांवर आधी कुठला लेप नव्हता. लेप असता तर पाण्याचे थेंब ओघळून गेले असते.

कागद काय सांगतो?

रात्री जेवणे झाली. मुलगा म्हणाला, "मिस्तरी जुन्या चालीचे. नवे रंग त्यांना ठाऊक नाहीत. रंगवाल्यानं हा कागद दिला आहे. मोठ्या कंपनीचा रंग आहे."

कागद मराठीत छापलेला होता. वर घराचे सुंदर चित्र होते. आक्का दोन वर्षांपूर्वी साक्षरतेच्या वर्गात जाऊन वाचायला शिकल्या. त्यांनी चष्मा लावला. चित्र बाजूला ठेवले, आणि खालची बारीक अक्षरे बोट ठेवून वाचू लागल्या.

"रंग लावण्यापूर्वी... भिंत पूर्ण... कोरडी असावी. ओल येत असल्यास... तिचे कारण आधी... दूर करावे."

त्या थांबल्या. ओळ पुन्हा एकदा वाचली. मग कागद मुलापुढे सरकवला.

"हे बघ. रंगाचा कागदही मिस्तरीसारखंच बोलतो."

मुलाने कागद वाचला. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "हे मी वाचलंच नव्हतं. वरचंच बघितलं."

मंडळी, मोठी अक्षरे विकणाऱ्याची असतात. लहान अक्षरे घेणाऱ्यासाठी असतात. आपण वाचायला शिकलो आहोत. तेव्हा लहान अक्षरेही वाचत जाऊ.

मानाचा प्रश्न

तरी मुलाच्या मनातले जात नव्हते. सकाळी तो मिस्तरींना म्हणाला, "ओलीचं पटलं. पण उघड्या विटांचं घर गरिबाचं दिसतं, त्याचं काय?"

मिस्तरी हसले. "पुण्याला ऱ्हाता न्हवं? शनिवारवाडा बघितला का?"

"रोज बसमधून बघतो."

"त्याच्या तटाला खाली दगड अन् वर वीट. ती वीट उघडीच हाय की. तुमचं पाहुणं काय पेशव्यास्नी गरीब म्हणत्यात व्हय?"

मुलाला हसू आले. शनिवारवाड्यात पेशवे १७३२ साली राहायला गेले. १८२८ साली आतला वाडा आगीत जळून गेला. पण तट आजही उभा आहे. त्याची वेळोवेळी डागडुजी केली जाते. डागडुजी होते म्हणूनच तो उभा आहे. उघडी वीट म्हणजे दुर्लक्षित वीट नव्हे. दरजा भरलेली, लोणा झाडलेली, स्वच्छ विटांची भिंत शोभूनच दिसते.

मिस्तरींनी आणखी एक गोष्ट सांगितली. रंग देणे एका दिवसाचे काम. काढणे मात्र फार कठीण. विटेच्या छिद्रांत शिरलेला रंग सगळा परत निघत नाही. लोक मग यंत्राने वाळू मारतात, ॲसिड ओततात, तारेच्या घासणीने घासतात. त्याने विटेची भाजलेली कडक साल निघून जाते. साल गेलेली वीट लवकर बिघडते. शिवाय एकदा रंग दिला की काही वर्षांनी पुन्हा द्यावाच लागतो. तो खर्च कायमचा मागे लागतो.

"रंग उद्याबी देता येतो," मिस्तरी म्हणाले. "दिल्याला रंग उद्या परत घेता येत न्हाई. म्हणून घाई करू नगा."

हिशेब

मग तिघांनी बसून हिशेब केला. आक्कांनी वहीत लिहिला.

कौले बसवणे व नवी पन्हळ : ९,००० रुपये
भिंतीलगतची माती काढणे, चर व मोरीची वाट : ४,००० रुपये
दरजा चुन्याने भरणे : १२,००० रुपये
पश्चिमेच्या भिंतीला चुन्याची सफेदी : ३,५०० रुपये
दारे-खिडक्यांना तेलरंग : ५,००० रुपये
एकूण : ३३,५०० रुपये

चाळीस हजारांतून ६,५०० रुपये उरले. रंगाला ३८,००० लागणार होते, आणि ओल तशीच राहणार होती.

मुलगा म्हणाला, "दाराला मात्र चांगला रंग देऊ. निळा."

"दे की," आक्का म्हणाल्या. "लाल विटांत निळं दार उठून दिसेल."

असे काम झाले

आधी कौले झाली. मग पन्हळ बसली. समोरच्या भिंतीलगतची माती खणून काढली. जोत्याचा बुडालेला दगड पुन्हा दिसू लागला. पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार दिला. ग्रामपंचायतीकडे आक्कांनी स्वतः अर्ज लिहिला, की पुढच्या वेळी रस्ता करताना जुना थर काढून मग नवा घालावा. अर्जाची पोच त्यांनी जपून ठेवली आहे.

दरजांतले सिमेंट मिस्तरींनी छिन्नीने हलकेच काढले. जेथे निघताना वीट फुटेल असे वाटले, तेथे ते राहू दिले. बाकी सगळीकडे चुना आणि वाळू भरली. काही दिवस भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले. चुना सावकाश घट्ट होतो. त्याला उन्हात एकदम वाळू देऊ नये.

पश्चिमेच्या कच्च्या विटांना मात्र पांघरूण हवेच होते. तेथे चुन्याची सफेदी दिली. म्हणजे पाहा, आक्कांच्या घरात दोन भिंतींना दोन न्याय झाले. समोरची भिंत उघडी राहिली. पश्चिमेची झाकली. भिंत पाहून औषध दिले.

सफेदी का चालते? चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो. उरते ती चुन्याची कळी. कळी पाण्यात विरवून भिंतीवर लावली, की चुना हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. पण हा दगडाचा थर सच्छिद्र असतो. भिंतीतली वाफ त्यातून बाहेर पडते. सफेदी पावसाने थोडी थोडी उतरते. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. म्हणूनच आपल्याकडे दिवाळीच्या आधी घराला चुना देण्याची चाल होती.

सफेदी कशी करावी

१. कळीचा चुना १ किलोला ५ लिटर पाणी घ्यावे. ५ किलोला २५ लिटर.

२. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यावे. मग त्यात कळी थोडी थोडी सोडावी. कळीच्या ढिगावर पाणी ओतू नये. चुना उकळतो आणि उडतो.

३. चुना ढवळून २४ तास झाकून ठेवावा. मग जाड फडक्यातून गाळून घ्यावा.

४. गरम पाण्यात डिंक विरघळवून घालावा. १० लिटर निवळीला ४० ग्रॅम डिंक. म्हणजे २५ लिटरला १०० ग्रॅम.

५. भिंतीवरचा लोणा व धूळ कोरड्या कुंचल्याने झाडावी. मग भिंतीवर पाणी शिंपडावे. ओलसर भिंतीवर पातळ हात द्यावा. असे तीन हात द्यावेत. पहिला वाळल्यावरच दुसरा द्यावा.

सावध! कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावा. हाताला रबरी मोजे घाला. लहान मुलांना व जनावरांना पिंपाजवळ येऊ देऊ नका. डोळ्यात चुना गेलाच, तर लगेच स्वच्छ पाण्याने पाव तास तरी डोळा धूत राहा आणि ताबडतोब दवाखान्यात जा. डोळा चोळू नका.

दारांचा जुना तेलरंग काढतानाही जपावे. जुन्या रंगात शिसे असू शकते. शिसे विषारी आहे. लहान मुलांच्या मेंदूला ते फार घातक. म्हणून जुना रंग ओला करून घासा. धूळ उडवू नका. भुगा गोळा करून मुलांपासून दूर टाका. नव्या घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डबा घेताना त्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे ते वाचा, किंवा वाचून घ्या.

मग रंग कधीच देऊ नये का?

तसे नाही. भिंतीला आधीपासून सिमेंटचा गिलावा असेल, आणि ती कोरडी असेल, तर बाहेरचा रंग जरूर द्यावा. विटांना आधीच रंग असेल आणि तो चांगला टिकला असेल, तर तो उगाच खरवडू नये. नवा हात देता येतो. विटा इतक्या झिजल्या असतील की त्या पाऊस सोसणार नाहीत, तर त्यांना चुन्याचा गिलावा करून वर सफेदी द्यावी.

बाजारात रंग नसलेला, काचेसारखा लेपही मिळतो. तो दिसत नाही, म्हणून निरुपद्रवी वाटतो. पण ओल्या भिंतीवर तोही वाट अडवू शकतो. त्यालाही हेच चार प्रश्न लागू आहेत.

शेजारचे अण्णा एक दिवस आले. म्हणाले, "आक्का, माझं आता काय करायचं?" मिस्तरींनी त्यांना सांगितले, की सुटलेले पोपडे तेवढे लाकडी पट्टीने काढा. घट्ट बसलेल्या रंगाच्या मागे लागू नका. आधी पाण्याची वाट बदला. एक पावसाळा आणि एक उन्हाळा भिंतीला वाळू द्या. मग पाहू. अण्णांनी आक्कांच्या चरालाच आपला चर जोडून घेतला.

पावसाळ्यानंतर

लग्न झाले. पाहुणे आले. कुणी विटांना नावे ठेवली असतील, तर ती आक्कांच्या कानावर आली नाहीत. नवऱ्यामुलाच्या धाकट्या बहिणीला दाराशेजारचे पिल्लाचे पाऊल सापडले. तिने त्यात बोट घातले.

पावसाळा सरला. दसऱ्याला मुलगा घरी आला. त्याने आधी भिंत पाहिली. गुडघ्याएवढी ओल वीतभर खाली उतरली होती. पूर्ण गेली नव्हती. लोणाही थोडा फुटला होता. तो जरा हिरमुसला.

मिस्तरी म्हणाले, "वीस वर्सांची ओल एका सालात कशी जाईल? बाहेर निघतीया, हेच खरं. लोणा झाडा, अन् वाट बघा."

पश्चिमेची सफेदी दोन जागी उतरली होती. मुलाने स्वतः चुना भिजवला आणि तेथे हात दिला. मग आक्कांच्या वहीत त्याने तारीख घातली. ओल किती वर आहे, ते टेपने मोजून लिहिले. आता दर दसऱ्याला तो मोजून लिहिणार आहे. वहीवर त्याने नाव घातले आहे : घराची वही.

लक्षात ठेवा

आधी पाणी अडवा, मग रंगाचा विचार करा.
जुन्या विटेला चुना मानवतो. सिमेंट मानवत नाही.
ओली भिंत झाकू नका. तिला वाळू द्या.
जे परत घेता येत नाही, ते घाईने करू नका.
लहान अक्षरे वाचा.

उत्तरे सांगा

१. ओल भिंतीत किती वाटांनी येते? त्या कोणत्या?
२. आक्कांच्या घराच्या दोन पायऱ्या कोठे गेल्या?
३. सिमेंटच्या दरजांमधल्या विटा का झिजल्या?
४. रंगाच्या कागदावर बारीक अक्षरांत काय लिहिले होते?
५. आक्कांनी एका भिंतीच्या विटा उघड्या ठेवल्या आणि दुसरीला सफेदी दिली. असे का केले?

करून पाहा

१. एक कोरडी वीट तोला. २४ तास पाण्यात ठेवून पुन्हा तोला. तुमच्या विटेने किती पाणी प्यायले? शंभराला किती पडले?
२. तुमच्या घराभोवती एक फेरी मारा. पाणी कोठे साचते, पन्हळ कोठे गळते, ते वहीत लिहा.
३. रस्त्यामुळे तुमच्या गल्लीतली जोती बुडाली असतील, तर शेजाऱ्यांना बरोबर घेऊन ग्रामपंचायतीला अर्ज लिहा. खाली सर्वांनी सह्या करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.